निमो नेमका कुठला? नारंगी क्लाऊनफिश आणि त्याचे आढळक्षेत्र

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपण नागपुरात नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी विकत घेतली. दुकानदाराने ती ‘अंदमानचे निमो’ म्हणून दिली. दुसऱ्या दुकानदाराने फोटो पाहून ‘हे पर्क्युला आहेत, ऑस्ट्रेलियाचे’ असे ठामपणे सांगितले. मुलीच्या शाळेतील प्रकल्पासाठी सापडलेल्या नकाशात आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागराच्या मध्यापर्यंतचे सगळे पाणी एकाच रंगाने भरलेले होते, आणि दिवाळीच्या सुट्टीत मालवणला स्नॉर्केलिंग करूनही हा मासा एकदाही दिसला नाही. तेव्हा हा मासा खरोखर कुठला, प्रकल्पाच्या नकाशात काय दाखवावे आणि या माहितीचा घरच्या टाकीशी काही संबंध आहे का, असे आपण विचारले आहे.

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत आणि म्हणूनच मिळालेली उत्तरे एकमेकांना छेद देताना दिसतात. ही जात कोणती, हा पहिला प्रश्न. त्या जातीचे नैसर्गिक आढळक्षेत्र कोणते, हा दुसरा. आपल्या टाकीत आज पोहणारा हा विशिष्ट मासा कुठून आला, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर आपण घरी बसून काढू शकता. जात ठरली की दुसऱ्याचे उत्तर बऱ्यापैकी पक्के मिळते. तिसऱ्याचे उत्तर मात्र माशाच्या अंगावर लिहिलेले नसते; ते पुरवठादाराच्या कागदांवर अवलंबून असते. मी नागपुरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम बरीच वर्षे करतो आहे, आणि ग्राहकांचे निम्मे गैरसमज हे तीन प्रश्न वेगळे केले की आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे.

प्रथम जात. क्लाऊनफिशच्या सुमारे ३० जाती आहेत आणि त्यांतल्या दोन ‘निमो’ या एकाच नावाने विकल्या जातात. एक अ‍ॅम्फिप्रिऑन ओसेलॅरिस, जिचे वर्णन क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३० साली केले; दुसरी अ‍ॅम्फिप्रिऑन पर्क्युला, जिचे वर्णन त्याआधी, १८०२ साली, लासेपेद याने केले होते. दोन्ही नारंगी, दोन्हींवर तीन पांढरे पट्टे, दोन्ही बोटाएवढ्या. व्यापारात ओसेलॅरिसला ‘फॉल्स पर्क्युला’ असेही म्हणतात, त्यामुळे बिलावर नुसते ‘पर्क्युला’ लिहिलेले असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या लिखाणातही अंदमानच्या नारंगी क्लाऊनला पर्क्युला म्हटलेले अनेकदा वाचायला मिळते.

ओळख पटवण्यासाठी मी असे करतो. सकाळी खाद्य टाकले की मासा उत्तेजित होतो आणि पाठीवरचा पर पूर्ण उभारतो. त्या क्षणी, मासा काचेला समांतर असताना, फ्लॅश न वापरता मोबाइलवर एकामागून एक फोटो घ्यावेत आणि मग सर्वांत स्पष्ट फोटो मोठा करून पराच्या पुढच्या भागातले टणक काटे मोजावेत. मागच्या भागात मऊ, लवचीक शलाका असतात. त्या मोजायच्या नाहीत. ओसेलॅरिसला बहुधा ११ काटे असतात, क्वचित १०. पर्क्युलाला बहुधा १०, क्वचित ९. आकडा १० निघाला तर त्यावरच निकाल देऊ नये, कारण तिथे दोन्ही जाती एकमेकींत मिसळतात. अशा वेळी पराच्या पुढच्या भागाची उंची पाहावी. ओसेलॅरिसचा पुढचा भाग अधिक उंच असतो. डोळाही मदत करतो. ओसेलॅरिसच्या डोळ्यातले कडे करडी झाक असलेले असते आणि त्यामुळे डोळा मोठा व काळसर दिसतो. पर्क्युलाचे कडे उजळ नारंगी असते, म्हणून बाहुली छोट्या ठिपक्यासारखी उठून दिसते. पांढऱ्या पट्ट्यांच्या काळ्या कडा पर्क्युलात सहसा जाड असतात, असे पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते चूकही नाही, परंतु वय आणि पैदाशीची ओळ यांनुसार या कडा इतक्या बदलतात की मी त्यांच्यावर भिस्त ठेवत नाही. नागपुरातील दुकानांत मी आजवर पाहिलेले बहुतेक ‘निमो’ ओसेलॅरिसच निघाले आहेत. आपल्या फोटोतही पुढचा पर उंच दिसतो आहे आणि डोळ्याचे कडे करडे आहे, त्यामुळे ही जोडी ओसेलॅरिसची असावी असे मी धरून चालतो. काटे मात्र फोटोत पुसट आहेत, ते आपण स्वतः मोजून पाहावेत.

आता आढळक्षेत्र. ओसेलॅरिसच्या क्षेत्राची पश्चिम सीमा म्हणजे आपली अंदमान-निकोबार बेटे आणि अंदमान समुद्राचा थायलंड-मलेशियाकडचा किनारा. तिथून पूर्वेला इंडोनेशिया आणि फिलिपीन्स, उत्तरेला तैवान आणि जपानची र्युक्यू बेटे, तर दक्षिणेला ऑस्ट्रेलियाचा वायव्य आणि उत्तर किनारा. डार्विन शहराच्या आसपास याच जातीचा काळा-पांढरा प्रकार निसर्गतः मिळतो, जो बाजारात ‘डार्विन ब्लॅक’ म्हणून महाग विकला जातो. पर्क्युलाचे क्षेत्र याच्या पूर्वेला सुरू होते: ऑस्ट्रेलियातील उत्तर क्वीन्सलँडचा किनारा, म्हणजे ग्रेट बॅरिअर रीफचा उत्तर भाग, तसेच पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि व्हानुआतू. अंदमानात पर्क्युला नैसर्गिकरीत्या नाही आणि ग्रेट बॅरिअर रीफवर ओसेलॅरिस नाही. म्हणजे ‘ऑस्ट्रेलियाचा मासा’ हे वर्णन दोन्ही जातींना लागू पडते आणि तरीही दोघींना वेगवेगळ्या किनाऱ्यांवर नेऊन सोडते. आपल्या दुसऱ्या दुकानदाराचे विधान त्यामुळे पूर्ण खोटे नाही, पण उपयोगाचेही नाही.

आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंत रंगवलेला तो नकाशा कोणत्याही एका जातीचा असणे शक्य नाही. तो क्लाऊनफिशच्या संपूर्ण गटाचा असणार. तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिका इथपासून फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत या गटातली कुठली ना कुठली जात सापडते. तांबड्या समुद्रात बायसिंक्टस, ओमानच्या किनाऱ्यावर ओमानेन्सिस, मालदीव आणि लक्षद्वीप परिसरात काळ्या पोटाचा निग्रिपेस, अशी ती साखळी आहे. अटलांटिक महासागरात मात्र या गटातील एकही जात नाही आणि हवाई बेटांवरही नाही. कॅरिबियन समुद्रात ॲनिमोन, म्हणजे क्लाऊनफिश ज्यांच्या आश्रयाने राहतो ते डंख मारणाऱ्या बाहूंचे समुद्री प्राणी, मुबलक आहेत, पाणीही उबदार आहे, तरीही तिथे क्लाऊनफिश नाही. प्रकल्पासाठी नकाशा घेताना त्याच्याखाली एका जातीचे पूर्ण शास्त्रीय नाव लिहिलेले आहे की नुसते ‘क्लाऊनफिश’, हे तपासणे म्हणूनच पहिले काम.

आढळक्षेत्र नेमके तिथेच का संपते, हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो आणि शालेय प्रकल्पातही त्याला जागा मिळावी असे वाटते. प्रवाळभित्तीवरचा पूर्ण वाढलेला मासा सहसा फारसा प्रवास करीत नाही. क्लाऊनफिश तर एका ॲनिमोनपासून काही मीटरही दूर जायला धजत नाही, कारण त्या डंख मारणाऱ्या बाहूंबाहेर तो कुणाचाही घास होऊ शकतो. जातीचा प्रसार होतो तो पिल्लांच्या अवस्थेत. मादी ॲनिमोनच्या बुडाशी खडकावर अंडी चिकटवते, नर त्यांना पराने वारा घालतो, मेलेली अंडी वेचून काढतो, आणि सहा ते आठ दिवसांनी, रात्रीच्या अंधारात, ती फुटतात. बाहेर पडलेला डिंभ, म्हणजे अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू, काही मिलिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक असतो आणि साधारण ८ ते १२ दिवस उघड्या पाण्यात राहतो. एवढ्या काळात त्याला ॲनिमोन सापडला तर तो जगला.

याचा अर्थ अंतराच्या भाषेत पाहू. प्रवाहाचा वेग सेकंदाला २५ सेंटीमीटर धरला तर दिवसाला २१-२२ किलोमीटर होतात, म्हणजे दहा दिवसांत सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. आणि तेही प्रवाह सरळ रेषेत वाहिला तर, जे समुद्रात सहसा घडत नाही. पोर्ट ब्लेअरपासून चेन्नई तेराशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि मधे बंगालच्या उपसागरात थांबायला ना बेट, ना प्रवाळभित्ती. अंदमानचा डिंभ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जिवंत पोचणे किती अवघड आहे, हे या हिशेबावरून लक्षात येईल. याउलट अंदमान ते निकोबार, निकोबार ते सुमात्रा, सुमात्रा ते जावा अशा टप्प्यांत खडकाळ, उथळ जागा लागत जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या टप्प्याटप्प्याने जात पसरू शकते.

डिंभ खरोखर किती दूर जातात, हे आता नुसत्या हिशेबावर सोडावे लागत नाही. पापुआ न्यू गिनीमधील किंबे उपसागरात पर्क्युलाच्या माद्यांना विशिष्ट रासायनिक खूण देऊन, ती पिल्लांच्या कानातील सूक्ष्म खड्यांत उतरली आहे का हे तपासले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका लहान बेटावर स्थिरावलेली सुमारे ६० टक्के पिल्ले त्याच बेटावर जन्मलेली निघाली. दहा दिवस भरकटूनही निम्म्याहून अधिक घरी परतली, असा त्याचा अर्थ. उलट ओमानच्या ओमानेन्सिस जातीवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात काही पिल्ले जन्मस्थानापासून सुमारे ४०० किलोमीटर दूरच्या भित्तीवर पोचल्याचे आढळले. म्हणजे बहुसंख्य जवळच राहतात आणि मोजके लांब जातात. आढळक्षेत्राची सीमा ठरवण्यात या मोजक्यांचा वाटा मोठा असतो.

केवळ डिंभावस्थेचा कालावधी सांगून मात्र सगळे उलगडत नाही, आणि इथेच पुष्कळ लेख घाई करतात. इंडोनेशियातील बांगाई कार्डिनल हा मासा घ्या. त्याचा नर अंडी तोंडात उबवतो, पिल्ले तोंडातून बाहेर पडतात ती थेट लहान माशांच्या रूपात, आणि उघड्या पाण्यातली डिंभावस्थाच नसल्यामुळे त्याचे मूळ आढळक्षेत्र सुलावेसीजवळच्या बांगाई द्वीपसमूहापुरते राहिले. इथपर्यंत हिशेब जुळतो. परंतु पावडर ब्लू टँग या माशाच्या कुळातील अनेक माशांचे डिंभ दीड-दोन महिने समुद्रात राहतात आणि तरीही पावडर ब्लू टँग मुख्यत्वे हिंदी महासागराचा आहे. पॅसिफिकमध्ये त्याचा जवळचा नातलग निग्रिकान्स राहतो आणि ख्रिसमस बेटाजवळ, जिथे दोघांची क्षेत्रे भिडतात, तिथे त्यांचे संकर आढळतात. यामागे इतिहास आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती, मलेशिया-इंडोनेशियामधला उथळ समुद्र कोरडी जमीन झाला होता आणि दोन महासागरांमधली वाट अरुंद झाली होती. अशा अडथळ्यांच्या काळात वेगळ्या झालेल्या जोड्या आजही नकाशावर शेजारी-शेजारी दिसतात.

क्लाऊनफिशमध्ये आणखी एक अट आहे, ती यजमान ॲनिमोनची. क्लाऊनफिशला आश्रय देणाऱ्या ॲनिमोनच्या दहा जाती आहेत. ओसेलॅरिस त्यांतल्या तीनच स्वीकारतो: मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय. क्लार्काय ही दुसरी क्लाऊनफिश दहाही स्वीकारते, आणि तिचे आढळक्षेत्र इराणच्या आखातापासून भारत-श्रीलंकेवरून थेट मेलानेशिया आणि जपानपर्यंत पसरलेले आहे. दोघींचे डिंभ फार वेगळ्या कालावधीचे नाहीत; फरक आहे तो पोचल्यावर दार उघडेल की नाही याचा. म्हणून एखाद्या क्लाऊनफिशचे क्षेत्र समजून घ्यायचे असेल तर मी तिच्या डिंभावस्थेआधी तिच्या ॲनिमोनची यादी पाहतो.

याच कारणामुळे रंगवलेल्या नकाशाच्या आतही मासा सगळीकडे नसतो. विदर्भाच्या नकाशावर वाघाचे क्षेत्र रंगवले म्हणून सीताबर्डीच्या बाजारात वाघ दिसत नाही. तो ताडोबात दिसतो, पेंचमध्ये दिसतो, आणि तिथेही पाणवठ्याजवळ दिसतो. ओसेलॅरिसचे तसेच आहे. अंदमानच्या रंगवलेल्या पट्ट्यात तो साधारण १५ मीटर खोलीपर्यंत, शांत खाडीत किंवा भित्तीच्या आतल्या बाजूला, योग्य जातीचा ॲनिमोन असेल तिथेच मिळतो. एकाच ॲनिमोनमध्ये एक मोठी मादी, तिचा नर आणि काही लहान, अप्रौढ मासे राहतात. शंभर मीटरवर दुसरा ॲनिमोन नसेल तर पुढचा मासाही नसतो. आढळक्षेत्राचा नकाशा बाहेरची हद्द दाखवतो, आतली गर्दी दाखवत नाही.

इथपर्यंतचे एकत्र मांडायचे तर: आपली जोडी बहुधा ओसेलॅरिस आहे, या जातीच्या क्षेत्राचे पश्चिम टोक अंदमान-निकोबार आहे, आपण पाहिलेला नकाशा गटाचा होता, जातीचा नव्हता.

आता मालवणचे. तिथे मासा न दिसणे हे आपल्या नशिबाचे किंवा गाइडच्या आळसाचे लक्षण नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ओसेलॅरिस निसर्गतः नाहीच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, आणि हिवाळ्यात पाणी नितळ असताना तिथे सार्जंट मेजरसारखे पट्टेरी मासे थव्यांनी भेटतात. मुलांना पहिल्यांदा पाण्याखाली बघायला शिकवण्यासाठी जागा उत्तम आहे. परंतु पावसाळ्यात नद्यांचे गोडे, गाळाचे पाणी किनाऱ्यावर येते आणि अंदमान-लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभित्ती त्या किनाऱ्याला लागून वाढत नाही. महाराष्ट्राची खरी मोठी प्रवाळ जागा म्हणजे विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटर आत, पाण्याखाली बुडालेला आंग्रिया बँक; तिथे सहलीला जाता येत नाही. ओसेलॅरिस भारतातच पाहायचा असेल तर अंदमानला जावे. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही ठिकाणे नेहमीची. जाण्यापूर्वी डाइव्हवाल्याला ‘निमो दिसेल का’ असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी हो असेच येते. ‘मॅग्निफिका ॲनिमोन कोणत्या जागी आहे’ असे विचारावे.

मन्नारच्या आखातात किंवा लक्षद्वीपला गेल्यास क्लाऊनफिश भेटेल, पण दुसरा. मन्नारकडचा सेबे हा गडद तपकिरी अंगाचा, दोन पांढऱ्या पट्ट्यांचा आणि पिवळ्या शेपटीचा असतो. त्याचा मधला पट्टा वर जाताना मागे झुकून पाठीच्या परात शिरतो. दुकानांत क्लार्काय सर्रास सेबे म्हणून विकला जातो, तेव्हा तिथेही पट्टे नीट पाहावेत.

तिसरा प्रश्न राहिला: हाच मासा कुठला? जात ओसेलॅरिस असेल तर तो अंदमानचा असू शकतो, इंडोनेशियातून पकडून आलेला असू शकतो, आणि कोणत्याही हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, जन्मलेला असू शकतो. दिसण्यावरून या तिन्हींत खात्रीने फरक करता येत नाही. एक उपयुक्त संकेत आहे: पट्टे अर्धवट, तुटक किंवा वेडेवाकडे असतील तर मासा हॅचरीतला असण्याची शक्यता खूप वाढते, कारण पिंजऱ्यातल्या पैदाशीत असे पट्टे वारंवार येतात. ‘स्नोफ्लेक’ किंवा ‘ब्लॅक स्टॉर्म’ अशा नावांचे मासे तर निवडक पैदाशीनेच तयार झालेले आहेत. त्यांच्यासाठी नकाशावर बोट ठेवायला जागाच नाही. पट्टे नेटके असले तरी मासा रानातलाच, असे मात्र सिद्ध होत नाही.

क्लाऊनफिशची पैदास भारतात होते, हे अनेकांना माहीत नसते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आणि तमिळनाडूत परंगीपेट्टईच्या सागरी जीवशास्त्र केंद्राने यावर बरेच काम केले, आणि आपल्या राज्यात ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या पुढाकाराने अशी हॅचरी उभी राहिली. म्हणून दुकानदाराला ‘अंदमानचा आहे का’ असे विचारण्याऐवजी पुरवठादार कोण, मासा हॅचरीचा की पकडलेला, आणि तो दुकानात किती दिवसांपासून खातो आहे, असे विचारावे. माझा सल्ला नेहमी हॅचरीच्या माशाचा असतो. पकडलेल्या क्लाऊनमध्ये ब्रुक्लिनेला नावाचा त्वचेचा परजीवी वरचेवर येतो आणि तो दोन-तीन दिवसांत मासा संपवतो. हॅचरीचा मासा सुके खाद्य सहज खातो आणि ॲनिमोनशिवायही मजेत राहतो. ‘अंदमानचे आहे’ म्हणून कुणी जिवंत प्रवाळ देऊ केले तर मात्र घेऊ नये. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे.

टाकीच्या बाबतीत आढळक्षेत्राचा उपयोग होतो, पण जपून करावा लागतो. ओसेलॅरिस र्युक्यू बेटांपर्यंत मिळतो आणि ओकिनावाच्या आसपास हिवाळ्यात समुद्राचे पाणी २१-२२ अंशांपर्यंत उतरते. त्यावरून ‘मग नागपूरच्या थंडीत हीटर कशाला’ असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो फसवा आहे. संपूर्ण जातीचा पल्ला हा एका माशाचा पल्ला नसतो. र्युक्यूतला मासा तिथल्या थंडीत हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे उतरतो; हॅचरीत २७-२८ अंशांवर वाढलेला मासा डिसेंबरच्या एका रात्रीत पाच अंश खाली आला की आजारी पडतो. लहान टाकीत ही घसरण समुद्रापेक्षा कितीतरी वेगाने होते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हीटर हवाच, आणि तापमान वर्षभर २६ ते २७ अंशांच्या आसपास स्थिर ठेवावे.

उन्हाळा जास्त कठीण. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतली टाकी सहज ३० अंशांच्या वर जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा कोरडी असते, तेव्हा पाण्यावर वारा सोडणारा लहान पंखा बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरवतो. मात्र त्याच खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम निम्म्यावर येतो. पावसाळ्यात तर तो जवळजवळ शून्य. ज्यांच्या घरी एसी नाही आणि टाकी मोठी आहे, त्यांना मी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्रच घ्यायला सांगतो. पंख्याने पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून रोजची भर ही खाऱ्या पाण्याची न करता आरओच्या गोड्या पाण्याची करावी. नळाचे पाणी थेट ओतू नये. त्यातले क्लोरीन माशांना घातक असते आणि क्षार टाकीत साठत जातात.

खारटपणाबद्दलही असेच. अंदमान समुद्रात इरावतीसारख्या नद्यांचे पाणी मिसळते आणि तिथली क्षारता खुल्या महासागरापेक्षा थोडी कमी असते, हे खरे. परंतु आपला मासा ज्या पाण्यातून आला ते दुकानातले पाणी होते. पुष्कळ दुकाने परजीवी आटोक्यात ठेवण्यासाठी विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचे माप) १.०१८ ते १.०२० इतके खाली ठेवतात. घरची टाकी १.०२४-१.०२५ असेल तर पिशवीतला मासा एकदम सोडू नये. दुकानाच्या पाण्याचा आकडा रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाने मोजावा, फरक मोठा असल्यास वेगळ्या टाकीत काही दिवसांत तो हळूहळू वाढवत न्यावा. अंदमानचा नकाशा इथे उपयोगी पडत नाही, पिशवीतले पाणी मोजावे लागते.

मुलीच्या प्रकल्पासाठी माझी सूचना अशी. आशिया-ऑस्ट्रेलियाचा कोरा नकाशा घ्यावा आणि त्यावर दोन रंग वापरावेत: एक ओसेलॅरिससाठी, दुसरा पर्क्युलासाठी. महासागर भरून काढू नये. किनारे आणि बेटांना लागून अरुंद पट्टे काढावेत, कारण खोल समुद्रात यांपैकी एकही मासा राहत नाही. अंदमान-निकोबारपाशी पट्टा संपवावा आणि तिथून चेन्नईपर्यंत एक रेघ ओढून तिच्यावर ‘१,३०० किमीपेक्षा जास्त’ व डिंभाचे ‘८ ते १२ दिवस’ असे लिहावे. बाई नक्की प्रश्न विचारतील आणि मुलीला उत्तर देता येईल. जागा उरली तर अटलांटिकमध्ये लायनफिशची नोंद करावी. मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला हा मासा १९८५ साली फ्लोरिडाजवळ प्रथम नोंदला गेला आणि नंतर सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरला. त्याच्या प्रसाराचे मूळ टाकीतून समुद्रात सोडलेले मासे असावेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याला तिसरा, वेगळा रंग द्यावा आणि खाली ‘नैसर्गिक नव्हे, माणसाने नेलेला’ असे लिहावे.

काटे मोजल्यावर आकडा ९ किंवा १० आला, तर पर उभारलेला आणि डोळा स्पष्ट दिसणारा फोटो पुन्हा पाठवावा. तो पर्क्युला निघाला तर ‘अंदमानचे’ हा दावा तिथेच खोटा ठरेल आणि दुकानदाराशी बोलताना आपल्या हाती ठोस आधार असेल.